टेडएक्स निराळं, क्रिएटिव्हमॉर्निंग्ज निराळं

नागपुरातल्या डिझायनर, आर्किटेक्ट, फोटोग्राफर, चित्रकार, कॉपीरायटर मंडळींसाठी दर महिन्याला काहीतरी व्हावं, असं कुणी म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं: "कॉलेजात टेडएक्स होते ना हो, तेच तर आहे!" मग ठरणारा कार्यक्रमही त्याच चालीवर ठरतो. सभागृह, लाल गालिचा, बाहेरगावचे वक्ते, प्रायोजकांचे फलक. टाळ्या भरपूर पडतात. पण एकाच रांगेत बसलेला धरमपेठेतला इलस्ट्रेटर आणि महालातला छपाईवाला एकमेकांचं नावही न विचारता घरी जातात. हे इतक्यांदा पाहिलंय की आता एकदा नीट लिहायलाच हवं.

टेडएक्स तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. टेड ही छोट्या भाषणांची परिषद भरवणारी मूळ संस्था. २००९पासून तिचा मोफत परवाना घेऊन स्थानिक लोक स्वतंत्रपणे जे करतात ते टेडएक्स. भाषण १८ मिनिटांच्या आत, वक्त्याला मानधन नाही, मंचावरून माल विकायचा नाही, प्रायोजकाने भाषण ठोकायचं नाही. (टेडएक्सला बोललेला माणूस ‘टेडला बोललो’ असं सांगत फिरतो, तेव्हा मला राग येतो. पण ती वेगळी तक्रार.)

क्रिएटिव्हमॉर्निंग्ज कमी लोकांना ठाऊक आहे. टीना रॉथ आयझेनबर्ग या मूळच्या स्विस ग्राफिक डिझायनरने २००८मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते सुरू केलं. महिन्यातला एक शुक्रवार, ऑफिसच्या आधीची सकाळ, नाश्ता, साधारण वीस मिनिटांचं एक भाषण, प्रश्नोत्तरं, आणि ज्याने त्याने आपापल्या कामाला जायचं. प्रवेश मोफत. सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं. त्या महिन्याचा विषय जगभर एकच असतो. आज दोनशेहून जास्त शहरांत हे होतं.

सकाळ की संध्याकाळ, तिकीट की मोफत, एक वक्ता की आठ, हे फरक कुणालाही दिसतात. त्यात अडकू नका. याच गडबडीत पेचाकुचालाही ओढलं जातं: वीस स्लाइड, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे सहा मिनिटं चाळीस सेकंद. २००३मध्ये टोकियोत दोन आर्किटेक्टनी ते सुरू केलं. तो सादरीकरणाचा साचा आहे, कुठल्याही कार्यक्रमात बसतो. विषय संपला.

खरी चूक होते ती इथे: भाषण नेमकं कुणासाठी चाललंय?

टेड १९८४मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालं तेव्हा तीही खोलीत जमलेल्या माणसांचीच परिषद होती. रिचर्ड सॉल वुर्मन हे तिचे एक संस्थापक, स्वतः आर्किटेक्ट आणि ग्राफिक डिझायनर. २००६मध्ये तिथली भाषणं इंटरनेटवर मोफत ठेवली गेली आणि सगळं फिरलं. भाषणाचा मुख्य श्रोता सभागृहाबाहेर गेला. टेडएक्स जन्मलं ते यानंतर, त्यामुळे त्याची घडणच बाहेरच्या श्रोत्यासाठी आहे. वक्ता महिनोन्‌महिने तालीम करतो. स्थानिक संदर्भ गाळतो, कारण कॅनडात व्हिडिओ पाहणाऱ्याला सीताबर्डी कळायची नाही. त्याच्या डोळ्यांवर दिवे, समोर काळोख. यात काहीही वाईट नाही. एक विचार दूरवर पोचवायचा तर असंच करावं लागतं, आणि चांगलं टेडएक्स ते फार उत्तम करतं.

क्रिएटिव्हमॉर्निंग्जचंही चित्रीकरण होतं, म्हणूनच लोक म्हणतात की दोन्ही सारखंच. पण तिथला वक्ता त्याच शहरात काम करतो आणि ऐकणारे पुढच्या महिन्यात पुन्हा येणार असतात. ही आपली भिशी आहे. भिशीत कुणीही एका महिन्याच्या रकमेसाठी बसत नाही. आज तुझा नंबर, उद्या माझा, या फेऱ्यावर सगळा विश्वास उभा असतो. इथेही आज बोलणारा पुढच्या महिन्यात कोपऱ्यात उभा राहून दुसऱ्याचं ऐकतो. एकदाच झालेली सकाळ, भाषण कितीही गाजलं तरी, क्रिएटिव्हमॉर्निंग्ज नव्हे.

यावरून वक्ता कोण हेही ठरतं, आणि आपल्याकडे नेमकं इथेच घसरतं. समजा, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे रंगवणारा कलाकार बोलवायचा आहे. वडसा-देसाईगंज भागात दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, त्याआधी त्याला गाठायचा. टेडएक्सच्या मंचावर त्याच्याकडून ‘लोककलेने मला काय शिकवलं’ असं काहीतरी काढून घेतलं जाईल. सकाळच्या बैठकीत तो पडद्याचा एक तुकडा जमिनीवर पसरेल. कापडाला अस्तर कशाचं देतो, रात्रीच्या दिव्यात निळा काळपट दिसतो म्हणून काय करतो, घडी घातल्यावर रंग तडकू नये म्हणून काय करतो, हे सांगेल. एखादी लग्नाचे सेट करणारी मुलगी त्याचा नंबर घेईल. त्या भाषणाचा व्हिडिओ कुणी पाहिला नाही तरी काही बिघडत नाही. नंबर घेतला गेला नाही, तर मात्र सकाळ वाया गेली.

म्हणून जागेबद्दल माझं मत ठाम आहे. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह मला प्रिय आहे, पण या कामासाठी नको. पायऱ्यापायऱ्यांनी जमिनीत पक्क्या बसवलेल्या खुर्च्यांत माणसाला फक्त पुढच्याची मान दिसते. कुणा आर्किटेक्टचं ऑफिस, एखादा छापखाना, चित्रकला महाविद्यालयाचा व्हरांडा घ्या. पन्नास माणसं पुरेत. आणि नाश्ता भाषणाच्या आधी, उभ्याने. एका हातात तर्री-पोह्यांची प्लेट, दुसऱ्यात चमचा, तर्री सांडू नये म्हणून प्लेट आडवी धरलेली. मोबाईल काढायला हातच उरत नाही. शेजारच्याशी बोलावंच लागतं. आभारप्रदर्शनानंतर बंद डब्यातून वाटलेला नाश्ता हा नाश्ता नव्हे. लोक तो गाडीत बसून खातात.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो त्याचं कारण आपली व्याख्यानमालेची सवय. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५मध्ये. तेव्हापासून शांत बसून ऐकणं मराठी माणसाच्या अंगात मुरलंय, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच सवयीतून दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप हेही सकाळच्या बैठकीत शिरतं. साडेआठला जमून सव्वानवापर्यंत परिचयच चालू असेल, तर नोकरी करणारा पुढच्या वेळी येत नाही. पहिल्या रांगेतले सोफेही काढा. तिथे बसलेल्याला पोह्यांच्या रांगेत उभं राहणं अवघड जातं, आणि त्याच्याशी बोलायला धजावणं नवख्या मुलाला त्याहून अवघड.

‘आम्ही रविवारी संध्याकाळी ठेवू, गर्दी होईल’ असंही सुचवतात. गर्दी होईल, कबूल. पण रविवारी संध्याकाळी माणूस घरच्यांना घेऊन, कार्यक्रम बघायला येतो. कामाच्या दिवशी सकाळी येतो तो कामाचं डोकं घेऊन. दहाला कुठेतरी पोचायचं असतं म्हणून वक्ताही लांबवत नाही. शिवाय मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो तेव्हा नागपुरात सुखाने जमण्याची वेळ सकाळचीच.

तुमच्याजवळ शहराबाहेर पोचावा असा एक पक्का विचार असेल आणि वर्षभर राबणारी टीम असेल, तर टेडएक्सचा परवाना घ्या. आधी एक नियम वाचून घ्या: परवाना ज्याच्या नावावर आहे तो टेडच्या अधिकृत परिषदेला गेलेला नसेल, तर प्रेक्षक शंभरच बोलावता येतात. हॉल बुक करून झाल्यावर हे कळलेले आयोजक मी पाहिलेत.

शहरातली काम करणारी माणसं एकमेकांना ओळखावीत असं वाटत असेल, तर क्रिएटिव्हमॉर्निंग्जच्या शाखेसाठी रीतसर अर्ज करा. त्याआधी मात्र नाव, लोगो, बॅनर काहीही न लावता चार-सहा महिने बैठक भरवून पाहा. वक्ता ऐन वेळी आला नाही तरी भरवा, नुसत्या पोह्यांवर. त्या दिवशीही लोक साडेनऊपर्यंत थांबले, तर अर्ज भरायला हरकत नाही.