अनुभव किती वर्षांचा?

नोकरीच्या जाहिरातीत पात्रतेच्या खालोखाल अनुभवाची अट असते आणि मुलाखतीतही त्याचीच विचारणा होते: किती वर्षं झाली या क्षेत्रात? गंमत अशी, की या आकड्यावरून माणूस नव्या ठिकाणी कसं काम करेल, हे जवळजवळ कळतच नाही. चॅड व्हॅन इडेकिंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या विषयावरचे ८१ अभ्यास एकत्र करून तपासले. आधीचा अनुभव आणि नव्या नोकरीतली कामगिरी यांच्यातला सहसंबंध निघाला ०.०६. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत जुळणं. तेव्हा ०.०६ म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. वर्षांवरून खुर्ची किती काळ उबवली ते कळतं. तिथे बसून काय निस्तरलं, ते कळत नाही.

मग समोरासमोर बोलून तरी कळतं का? अमेरिकेत जेसन डाना आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्याची मुलाखत घ्यायची आणि पुढच्या सत्रात त्याला किती गुण मिळतील, याचा अंदाज करायचा. काही मुलाखतींमध्ये समोरच्याला गुपचूप सांगून ठेवलं होतं, की ‘हो’ की ‘नाही’ हे प्रश्नातल्या अक्षरांवरून ठरवायचं. म्हणजे उत्तरं निव्वळ बिनबुडाची. मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणालाही शंका आली नाही! उलट समोरचा माणूस आपल्याला उमगला, असंच त्यांना वाटलं. नुसत्या जुन्या गुणांवरून बांधलेला अंदाज मात्र मुलाखतीनंतरच्या अंदाजापेक्षा सरस ठरला. ‘मी माणूस बघताक्षणी ओळखतो’ म्हणणाऱ्या साहेबांना हा प्रयोग जरूर सांगावा (नोकरी पक्की झाल्यावर).

तरी मुलाखत अगदीच फोल नसते. सगळ्या उमेदवारांना कामाशी निगडित तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले आणि प्रत्येक उत्तराला आधीच ठरवलेल्या मोजपट्टीने गुण दिले, तर चित्र बदलतं. पॉल सॅकेट यांच्या गटाने २०२२ मध्ये जुन्या आकडेवारीची फेरतपासणी केली. अशा आखीव मुलाखतीचा कामगिरीशी सहसंबंध ०.४२ आला, तर गप्पांच्या ओघात होणाऱ्या मुलाखतीचा ०.१९.

आखीव मुलाखतीतल्या प्रश्नांचे दोन ठळक प्रकार १९८०च्या सुमारास पुढे आले. ‘असं झालं तर काय कराल?’ हा गॅरी लॅथम यांच्या गटाचा, आणि ‘असं झालं होतं तेव्हा काय केलंत?’ हा टॉम जान्झ यांचा. दुसऱ्यामागचा तर्क सरळ आहे: माणसाचं पुढचं वागणं त्याच्या मागच्या वागण्यातून हेरायचं.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या जागेसाठी मुलाखत आहे. ‘मी सात वर्षं क्वालिटीत आहे, टीमसोबत काम करायला आवडतं, प्रेशर हँडल करतो’ या उत्तराला गुण द्यायचे कशावर? आता हे ऐका: ‘डिस्पॅचच्या दिवशी दुपारी भोकाचं माप हुकलेले नग सापडले. मी लॉट थांबवला. प्रॉडक्शनचे साहेब भडकले. मागच्या दोन शिफ्टचे रिपोर्ट काढले, ड्रिल बदलल्यानंतरच गडबड सुरू झाल्याचं दिसलं. तेवढेच नग वेगळे काढून बाकीची गाडी संध्याकाळी सोडली. त्यानंतर ड्रिल बदललं की पहिला नग तपासायचा, असा नियम केला.’ इथे निर्णय दिसतो, त्याची किंमत दिसते, आणि ‘आम्ही’च्या आड न लपलेला ‘मी’ दिसतो. खरं-खोटं तपासायला चार उपप्रश्नही विचारता येतात.

दुसरा लाडका प्रश्न म्हणजे ‘आमच्याकडे रमाल का?’ लॉरेन रिवेरा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या बड्या बँका, कायदा आणि सल्लागार कंपन्यांत निवड करणाऱ्यांशी बोलून २०१२ मध्ये दाखवलं, की ‘आपल्यात बसेल’ याचा अर्थ पुष्कळदा ‘आपल्यासारखेच छंद, आपल्यासारखंच वळण’ एवढाच असतो. आपल्याकडे हेच काम आडनाव आणि ‘मूळ गाव कुठलं?’ करतात. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशावरून झालेल्या अजय हासिया खटल्यात तक्रार हीच होती: दोन-तीन मिनिटांची मुलाखत, तीत आईवडील आणि राहण्याचं ठिकाण एवढीच चौकशी, आणि तिला एकूण गुणांपैकी एकतृतीयांश गुण. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी ठरवलं.

तरी जुळण्याचा मुद्दा टाकाऊ नाही. एमी क्रिस्टॉफ-ब्राउन यांच्या गटाच्या २००५ च्या एकत्रित विश्लेषणात माणूस संस्थेशी जुळण्याचा कामगिरीशी संबंध जेमतेम ०.०७ निघाला, नोकरीतल्या समाधानाशी मात्र ०.४४. म्हणजे या प्रश्नाची खरी गरज कंपनीपेक्षा उमेदवाराला आहे. ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात तेव्हा मान हलवून उठू नका. या जागेवरचा आधीचा माणूस का गेला, काम चुकलं की इथे पुढे काय होतं, रविवारी फोन येतात का, ते विचारा. आणि ‘आमच्याकडे अगदी घरच्यासारखं वातावरण आहे’ असं उत्तर आलं, तर त्यांच्याकडेही एखादा प्रसंग मागा.