पाचाला पाच जमत नाही: घरच्या जनरेटरच्या जोडणीमागचा इतिहास

कळव्यात भारनियमनाच्या दिवसांत, २००६ च्या उन्हाळ्यात, आम्ही घरचा जनरेटर जमवला. मुंबई शहराला भारनियमनातून वगळलं होतं, आम्हाला नाही. जुनं ऑईल इंजिन एका ठिकाणाहून घेतलं आणि अल्टरनेटर, म्हणजे नुसतं वीज करणारं डोकं, ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीतून. इंजिन पाच एचपीचं, अल्टरनेटर पाच केव्हीएचा. विकणारा म्हणाला, "पाचाला पाच, जोडी जमली." घरात पंखे-दिवे छान चालले. मग सोबत पाण्याची मोटर लावली आणि इंजिनाने काळा धूर सोडला, बल्ब पिवळे पडले, मोटर नुसती गुरगुरत राहिली. तो हिशोब कुठे चुकला हे कळायला मला या यंत्रांच्या इतिहासातच शिरावं लागलं.

रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला चाललं. ती यंत्रं घराएवढी अवजड होती. शेतकऱ्याच्या अंगणात येण्याजोगं इंजिन घडायला आणखी तीसेक वर्षं गेली. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास एक सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना जड फ्लायव्हील (वेग एकसारखा ठेवणारं चाक) असलेलं उभं इंजिन काढलं. आधी पाच एचपी, मिनिटाला ६०० फेऱ्या. पुढे सहा एचपी, ६५० फेऱ्या. आपल्याकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने त्याच दशकात डिझेल इंजिनं बनवायला घेतली आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स उभी राहिली. राजकोटच्या कारखान्यांनी लिस्टरच्या ठेवणीची इंजिनं इतकी बनवली की मूळ कंपनीने ते मॉडेल बंद केल्यावरही ती इथून परदेशात जात राहिली.

या इंजिनांचं खरं काम विहिरीचं पाणी उपसणं आणि गिरणी चालवणं. पंपाचा पट्टा काढून डायनामोचा चढवला की लग्नाच्या मांडवात, जत्रेत उजेड. डायनामो डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज देणारा, असेल तर फेऱ्या थोड्या कमीजास्त झाल्या तरी दिव्याचा उजेड तेवढा हलायचा, बाकी काही बिघडत नसे. इंजिन आणि डायनामो यांच्यात सैल, उदार नातं होतं म्हणा ना.

एसी, म्हणजे सतत दिशा पलटणारी वीज, आल्यावर तो सैलपणा संपला. घरातला पंखा, फ्रिज, पंपाची मोटर, सगळ्यांना ५० हर्ट्‌झ हवेत (वीज सेकंदाला किती वेळा पूर्ण चक्र करते त्याचं हे माप) आणि हर्ट्‌झ थेट फेऱ्यांवर ठरतात: फेऱ्या गुणिले पोल (अल्टरनेटरमधल्या चुंबकाची टोकं), भागिले १२०. दोन पोलच्या अल्टरनेटरला ३००० फेऱ्या लागतात, चार पोलच्याला १५००, सहा पोलच्याला १०००. तीन हजारांवर डिझेल इंजिन आवाज फार करतं आणि लवकर झिजतं. हजाराच्या अल्टरनेटरमध्ये तेवढ्याच विजेसाठी तांबं आणि लोखंड जास्त जातं. म्हणून मधला १५०० चा आकडा रुळला. सेंट्रिफ्यूगल पंपांनाही तो वेग मानवत होता, त्यामुळे इंजिनवाल्यांनी १५०० फेऱ्यांची इंजिनं काढली. किर्लोस्करचं एव्ही-१, पाच एचपी, १५०० फेऱ्या, हे त्यातलं घरोघरी माहीत असलेलं. आता पट्ट्याची गरज उरली नाही. इंजिन आणि अल्टरनेटर एका बेडवर, मध्ये दोन्ही शाफ्ट जोडणारं कपलिंग.

जुन्या संथ इंजिनाला मात्र पट्टा लागतोच. ६५० चे १५०० करायचे म्हणजे २.३ पट. दोन फूट व्यासाच्या चाकावरून पट्टा घेतला तर अल्टरनेटरची पुली साडेदहा इंचांच्या जरा आत येते. पुली पाव-अर्धा इंच चुकली की हर्ट्‌झ चुकले, मग गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग धरून ठेवणारा भाग, पिळत बसा. शिवाय एक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच धक्का बसतो. ६५० फेऱ्यांना मिनिटाला ३२५ धक्के, सेकंदाला साडेपाचच्या आत. हा ठेका साध्या बल्बमध्ये डोळ्यांना दिसतो. भिंतीवरची सावली श्वास घेतल्यासारखी हलते. ती लुकलुक कमी करायलाच फ्लायव्हील एवढी जड. ती उतरवून हलकी बसवणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो.

आता आमचा "पाचाला पाच". एचपी हे इंजिनाचं माप, केव्हीए अल्टरनेटरचं. दोन्ही आकडे पाच असले म्हणून ताकद एक होत नाही. पाच केव्हीए, पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) ०.८ धरला, तर चार किलोवॅट. लहान अल्टरनेटरची कार्यक्षमता ८० टक्के धरा, म्हणजे शाफ्टवर पाच किलोवॅट, जवळजवळ पावणेसात एचपी. आमच्याकडे पाच. त्यातून कोकणपट्टीची गरम, दमट हवा इंजिनाची ताकद आणखी थोडी खाते. मिस्त्री लोकांचा जुना ठोकताळा आहे, एका किलोवॅटला दोन एचपी. त्या हिशोबाने आमच्या सेटवर अडीच किलोवॅटच्या वर भार टाकायलाच नको होता, आणि मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते ते वेगळंच. अल्टरनेटर मोठा असण्यात दोष नव्हता. उलट मोटर उचलताना मोठ्या डोक्याचा व्होल्टेज तेवढा खाली येत नाही, म्हणून मी आजही अल्टरनेटर एक पायरी मोठाच सुचवतो. भार मात्र इंजिनाकडे बघून मोजायचा.

आम्ही पुढे दोनच गोष्टी केल्या. मोटर आधी एकटीने सुरू करायची, मग बाकीचं. आणि रिकाम्या इंजिनावर गव्हर्नर ५२ हर्ट्‌झला, म्हणजे १५६० फेऱ्यांना लावायचा, कारण भार आला की फेऱ्या खाली येतातच. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एकतर लाइनला नाहीतर जनरेटरलाच जोडणारा, पहिल्या दिवसापासून होता. तो नसेल तर आपली वीज उलटी लाइनमध्ये जाते आणि खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो. याबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

असे जमवलेले सेट आता कमी दिसतात. केंद्राच्या २००२ च्या नियमांनी नव्या डिझेल जनरेटरला एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा घातली, धुराचे नियम जुलै २०१४ आणि पुन्हा जुलै २०२३ पासून कडक झाले. आवाजबंद पेटीतला तयार सेट आणि इन्व्हर्टर यांनी घरं व्यापली. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, तेव्हा मी डीकंप्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडून इंजिन हाताने फिरवणं सोपं करणारा दांडा) उचलून हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. मोटर एकटी सुरू केली, टाकी भरली, मग फ्रिज लावला. हर्ट्‌झच्या मीटरचा काटा एक्कावन्नावर होता.