फोटो तिथेच आहे, वॉचमन आत सोडत नाहीये

गेल्या रविवारी सकाळी नेरुळच्या मामाचा फोन आला, आवाज असा की मला वाटलं घरात चोरीच झाली. "अरे, दहा वर्षांचे फ्लेमिंगो गेले माझे!"

मामा रिटायर्ड माणूस. नोव्हेंबर ते मे ट्रायपॉड घेऊन टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे चिखलात उभा असतो आणि घरी आला की फोटोसकट नोंदी आपल्या साइटवर लिहितो. जुन्या साइटवर जाहिराती फार व्हायला लागल्या म्हणून दोन रात्री जागून त्याने सगळं लिखाण नव्या साइटवर हलवलं. अक्षर न् अक्षर आलं, फोटोंच्या जागी मात्र ते फाटक्या चित्राचं बारकं चिन्ह. स्टेशनजवळचा दुकानवाला म्हणाला व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. शेजारच्या पोराने सांगितलं कॅशे क्लिअर करा. हे कॅशे क्लिअर करणं म्हणजे आपल्याकडचं लिंबू-मिरचीच झालंय, कशासाठी बांधलं ते कोणाला माहीत नाही पण बांधलं की बरं वाटतं.

तर मुळात वेबपेजमध्ये फोटो नसतोच. असतो फक्त फोटोचा पत्ता. फेब्रुवारी १९९३ मध्ये मोझॅक या सुरुवातीच्या ब्राउजरवर काम करणाऱ्या मार्क अँड्रीसनने पानात चित्र दाखवायला एक टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली खूण, सुचवला, त्यात चित्राच्या फाइलचा पत्ता लिहायचा आणि ब्राउजरने जाऊन ती आणायची. त्यावर इतरांच्या वेगळ्या सूचनाही होत्या, पण मोझॅक ब्राउजरमध्ये हाच आला आणि तोच टिकला. त्यामुळे पोस्ट कॉपी केली की मजकूर येतो, फोटो जुन्याच घरी राहतो, आपल्यासोबत येते ती फक्त पत्त्याची चिठ्ठी.

आता ही चिठ्ठी कशी लिहिलीय त्यावर पुढचं सगळं. मामाने पोस्टच्या पानामागचा एचटीएमएल कोडच उचलून टाकला होता आणि त्यात निम्मे पत्ते अर्धवट होते, म्हणजे साइटचं नाव नाही, नुसतं फोल्डर आणि फाइल. नवी मुंबईकरांना हे लगेच कळेल. रिक्षात बसून नुसतं "सेक्टर १०" म्हणा, नेरुळमध्ये असाल तर नेरुळचा सेक्टर १० येईल, वाशीत असाल तर वाशीचा. ब्राउजरही तसाच, नव्या साइटवर उभा राहून तिथलाच सेक्टर शोधतो, तिथे घर नाही, मग ४०४. हा प्रकार सोपा आहे, पत्ता पूर्ण केला की संपलं.

उरलेल्या निम्म्यांची गंमत वेगळीच. त्यांचे पत्ते पूर्ण होते. मामाने एक पत्ता कॉपी करून ब्राउजरच्या वरच्या पट्टीत टाकला तर फ्लेमिंगो एकदम ऐटीत उभा! तोच पत्ता पानात, तर फाटकं चित्र. "भुताटकी आहे रे ही," मामा म्हणाला, आणि मला मनापासून आनंद झाला, कारण माझा सगळ्यात लाडका हेडर, म्हणजे ब्राउजरने मागणीसोबत पाठवलेली माहितीची ओळ, इथेच भेटतो.

ब्राउजर कुठलीही फाइल मागतो तेव्हा सोबत चार गोष्टी सांगतो, त्यातली एक म्हणजे आपण कुठल्या पानावरून आलो. याचं नाव रेफरर. मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर वॉचमन रजिस्टर पुढे करतो ना, त्यातला "कुठून आलात" हा रकाना. शुद्ध इंग्रजीत या शब्दात चार आर लागतात, हेडरच्या नावात तीनच आहेत. ती चूक मे १९९६ च्या एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउजर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांच्या, कागदपत्रात छापली गेली, तोवर ती सगळीकडे पसरली होती, आणि आजही तुमचा मोबाइल दिवसभर तेच चुकीचं स्पेलिंग पाठवत असतो. नंतर आलेल्या, हा रकाना किती भरायचा ते सांगणाऱ्या रेफरर-पॉलिसी नावाच्या हेडरमध्ये मात्र चारही आर आहेत, म्हणजे प्रोग्रामरने दोन्ही पाठ करायचे.

तर जुन्या साइटचा सर्व्हर हा रकाना वाचतो. स्वतःचं नाव दिसलं, आत सोडा. परक्या साइटचं दिसलं, ४०३, म्हणजे घर आहे पण प्रवेश नाही. आणि रकाना कोरा असेल तर? बऱ्याच साइट्स सोडतात, कारण काही ब्राउजर, काही ऑफिसांचे प्रॉक्सी, म्हणजे मधले सर्व्हर, हा रकाना मुद्दाम पुसतात, त्यांना अडवलं तर खरे वाचक उपाशी राहतील. पत्ता हाताने पट्टीत टाकला की आपण कुठल्याच पानावरून आलेलो नसतो, रकाना कोरा, फ्लेमिंगो हजर. भुताटकी संपली.

२०२० पासून क्रोम डीफॉल्टने परक्या साइटला पानाचा पूर्ण पत्ता न देता फक्त साइटचं नाव देतो, पण वॉचमनला तेवढं पुरतं. काही ठिकाणी तर रजिस्टर नसतंच, पत्त्यालाच सही आणि मुदत चिकटवलेली असते, गेट अॅपवरच्या ओटीपीसारखी. असे फोटो कॉपी केल्यावर तासभर छान दिसतात, आपण खूश, आणि दुसऱ्या दिवशी सगळे गायब.

वॉचमनचा राग येतो पण तो चूक नाही. ३ एमबीचा फोटो परक्या पानावर हजार लोकांनी पाहिला तर जवळजवळ ३ जीबी डेटा, वाचक तुमचे आणि बिल त्याचं. २०१७ मध्ये फोटो साठवून ठेवणाऱ्या फोटोबकेट या साइटने बाहेरच्या साइट्सवर फोटो दाखवायला वर्षाला ३९९ डॉलर मागितले तेव्हा असंख्य पानांवर फोटोंऐवजी त्यांची पाटी लटकली होती. त्यामुळे "एका क्लिकमध्ये एआय तुमची साइट हलवेल" असं कोणी विकायला आलं तर एवढंच विचारा, फाइली हलवणार की चिठ्ठ्या?

आम्ही फाइलीच हलवल्या. मूळ फोटो मामाच्या हार्डडिस्कवर होते, ते नव्या साइटवर चढवले आणि पत्ते शोधून बदलले. शेवटी अकरा फोटो उरले. बघितलं तर ते मामाचे नव्हतेच, ऐरोलीच्या एका पक्षीमित्राच्या साइटवरून थेट पत्ता चिकटवलेला.

"टॅगमध्ये नो-रेफरर लिहिलं की रकाना कोरा जातो म्हणालास ना मघाशी, मग टाक की," मामा.

"मामा, त्यांना फोन कर."

केला. त्यांनी अकराच्या अकरा लगेच पाठवले, व्हॉट्सअॅपवर, दाबून चपटे झालेले.