खुराक पूरक आहे की पर्यायी, हे आधी ठरवा

"जनावरांना खुराक सुरू केला की डोंगरावरचं कुरण वाचतं." हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. चरण्यात जे कमी पडतं ते भरून काढतं ते पूरक खाद्य. चरण्याची जागाच घेतं ते पर्यायी खाद्य. खुराक म्हणजे चरण्याशिवाय जनावराला वरून दिलेलं पेंड, भरडा असं खाद्य. तो ओला की सुका, गोळी की भरडा, हे फरक कुरणाच्या दृष्टीने किरकोळ आहेत.

खरी गोम कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात आहे. डोंगरावरचं गवत वाळलं की त्यातली प्रथिनं घटतात. ती साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोटीपोटात चारा पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांना प्रथिनांतून मिळणारं नत्र (नायट्रोजन) पुरत नाही. गवतातले तंतू लवकर फुटत नाहीत, पोट हलकं होत नाही, आणि समोर गवत असूनही जनावर कमी खातं. अशा जनावराला प्रथिनांनी भरलेली थोडीशी पेंड द्या. सूक्ष्मजीवांना नत्र मिळतं, पचनाला वेग येतो, पोट लवकर रिकामं होतं आणि जनावर आधीपेक्षा जास्त गवत खातं. पूरक खाद्याचा हेतूच तो आहे. म्हणजे खरंखुरं पूरक खाद्य कुरणावरचा भार वाढवतं! जनावरासाठी ते उत्तमच, पण त्याला कुरण वाचवणं म्हणू नका.

धान्याचा भरडा भरपूर दिला तर उलट घडतं. धान्यातल्या पिष्टामुळे (स्टार्चमुळे) कोटीपोटातली आम्लता वाढते, तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात, भूकही भागलेली असते, म्हणून चरणं कमी होतं. हे पर्यायी खाद्य. तरीही एक किलो भरड्यामागे एक किलो गवत वाचलं असा हिशेब मांडू नये. गवत हिरवं आणि मुबलक असेल तेव्हा ही अदलाबदल जास्त होते, विरळ आणि निकस असेल तेव्हा कमी. म्हणजे कुरण थकलेलं असतं तेव्हाच बचत सर्वात कमी!

शिवाय खाणारी तोंडं, म्हणजे जनावरांची संख्या, मोजायची राहून जाते. कडक हिवाळ्यात किंवा दुष्काळात कळप आपोआप घटायचा आणि गवताला उसंत मिळायची. खाद्य आलं की कळप तेवढाच राहतो आणि वसंतात सगळा एकदम कोवळ्या फुटीवर तुटून पडतो. ती फूट मुळांतल्या साठ्यावर आलेली असते. तेव्हाच खुडली तर गवत वर्षभर मागे पडतं. सीरिया आणि जॉर्डनच्या कोरड्या चराऊ पट्ट्यांत सवलतीच्या बार्लीवर मोठे कळप टिकले आणि कुरणं खंगली. ते डोंगर नव्हेत, पण गणित तेच.

शेणामुताचंही पाहा. खाल्लेल्या नत्रातला बहुतांश भाग बाहेर पडतो, म्हणजे बाहेरून आणलेलं खाद्य हे डोंगरावर टाकलेलं खतच. जनावरं जिथे थांबतात तिथे ते साठतं. आल्प्समध्ये गोठ्यांभोवती रुमेक्स अल्पिनस ही रुंद पानांची, जनावरं सहसा न खाणारी वनस्पती दाट माजते आणि निकस मातीवर जगणारी बारीक गवतं, फुलझाडं हटतात. जनावरं न्यायचं थांबवलं तरी तिथल्या मातीतलं स्फुरद (फॉस्फरस) कित्येक दशकं टिकतं. म्हणून पाणवठ्याशेजारी गव्हाण मांडलेली मला अजिबात पटत नाही. आधीच तुडवलेल्या जागेवर तो दुहेरी मार असतो. जनावरांनी चाटायची मिठाची वीट पाण्यापासून लांब, जनावरं सहसा जात नाहीत अशा उतारावर ठेवा. ती तिकडे जाऊन चरतात.

मला विचाराल तर पर्यायी खाद्य एकाच वेळी मन लावून वापरावं: वसंताच्या सुरुवातीला, खालच्या गोठ्यात, वैरणीसकट पोटभर. वरचं गवत चांगलं वाढेपर्यंत एकही जनावर वर सोडू नये.