गाणं कुणाचं, रेकॉर्डिंग कुणाचं? पार्टी सोडून पहिला सोलो अल्बम काढण्याआधी

नांदेड, परभणी, लातूरकडच्या एखाद्या गायन पार्टीतला मुख्य गायक बाहेर पडतो, स्वतःच्या पहिल्या अल्बमचं पोस्टर टाकतो आणि भांडण पेटतं. पार्टीवाले म्हणतात, "गाणी आमची." गायक म्हणतो, "आवाज माझा." दोघंही एकाच गोष्टीवर भांडतोय असं समजतात, पण इथं मालमत्ता दोन आहेत आणि बहुतेक वेळा त्यांचे मालकही वेगळे.

पहिली मालमत्ता गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी त्या गाण्याचं एक ठरावीक ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. सातबारा एकाच्या नावावर आणि वावरातली तूर बटईदाराची, असं आपल्याकडं चालतंच. गाणं म्हणजे वावर, मास्टर म्हणजे त्यात निघालेलं एक पीक. पीक विकलं म्हणून वावर विकलं जात नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी वेगळी कृती. वेगळा करार नसेल आणि कुणी पगारी नोकरीत काम केलेलं नसेल, तर शब्दांचा पहिला मालक गीतकार, चालीचा संगीतकार आणि मुद्रणाचा निर्माता. निर्माता म्हणजे ते मुद्रण करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. तासाप्रमाणे भाडं घेणारा स्टुडिओवाला केवळ फाइल त्याच्या हार्ड डिस्कवर आहे म्हणून मालक होत नाही. यूट्यूब चॅनेलचा पासवर्ड ज्याच्याकडं आहे तोही नाही. आणि गायकसुद्धा नाही! आवाजासाठी त्याला कलाकाराचा वेगळा हक्क आहे, ५० वर्षांचा, पण त्यानं मास्टर त्याच्या नावावर होत नाही.

मुदतीतही फरक आहे. शब्द आणि चाल कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राखीव असतात, मुद्रण प्रसिद्धीनंतर ६० वर्षं.

जगातल्या मोठ्या बॉय बँडांत, म्हणजे तरुण पोरांच्या गायन पार्ट्यांत, हेच दिसतं, फक्त रकमा मोठ्या. वन डायरेक्शनचं पहिलंच गाजलेलं 'व्हॉट मेक्स यू ब्यूटिफुल' रामी याकूब, कार्ल फॉक आणि सावन कोटेचा यांनी लिहिलेलं. गाणाऱ्या पाच पोरांपैकी एकाचंही नाव त्यात नाही. झेन मलिकनं २५ मार्च २०१५ ला हा बँड सोडला आणि बरोबर वर्षानं, २५ मार्च २०१६ ला, आरसीए कंपनीकडून 'माइंड ऑफ माइन' हा पहिला सोलो अल्बम आला. गाणी नवी, लेखनात तो स्वतः, मुद्रणं नवी. जुन्या बँडचं एकही गाणं नाही. सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग हाच, आणि आमच्या मते नव्या गायकानं निम्मा अल्बम तरी असाच करावा.

रॉबी विल्यम्सचं उलट. १९९५ मध्ये टेक दॅट हा बॉय बँड सोडल्यावर १९९६ मध्ये त्याचं पहिलं सोलो गाणं आलं ते 'फ्रीडम', म्हणजे जॉर्ज मायकल या दुसऱ्याच गायकाचं. मुद्रण नवं, गाणं परक्याचं. याला कव्हर म्हणतात. स्वतःचा अल्बम पुढं १९९७ मध्ये निघाला. नंतर कार्यक्रमांत तो टेक दॅटचं 'बॅक फॉर गुड' मुद्दाम आरडाओरडा करत म्हणायचा. ते गाणं लिहिलेलं त्याच बँडमधल्या गॅरी बार्लोनं. म्हणजे ज्याची टिंगल चालली होती, गाण्याचा हक्क त्याचाच.

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट बँडवाली नव्हे, पण तिचं उदाहरण सोडवत नाही. गाणी तिनं लिहिलेली, पण सुरुवातीच्या अल्बमांचे मास्टर कंपनीकडं होते आणि २०१९ मध्ये ते तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात गेले. २०२१ पासून तिनं तीच गाणी नव्यानं मुद्रित करून काढली. गाणं हाती होतं म्हणून हे जमलं. कंपनीशी करार केला असेल तर 'अमुक वर्षं हेच गाणं पुन्हा मुद्रित करणार नाही' असं कलम आहे का, ते आधी बघा.

आता आपल्याकडं. भीमगीतांची पार्टी सोडलेल्या गायकाला वामनदादा कर्डकांची गाणी अल्बमात हवीच असतात. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०६४ च्या अखेरीपर्यंत राखीव. वर्षानुवर्षं जयंतीला गायलो, हे परवानगीच्या जागी चालत नाही. लेखी संमती वारसांची किंवा ज्याच्याकडं हक्क दिले असतील त्याची.

एकनाथांचं भारूड किंवा जनाबाईचा अभंग घेतला तर शब्द मोकळे आहेत. पण पैठणचे शब्द मोकळे म्हणून रेडिओवर ऐकलेली चाल मोकळी होत नाही. ती गेल्या शतकातल्या संगीतकाराची असू शकते, आणि संगीतकार हयात असला किंवा त्याला जाऊन ६० वर्षं झाली नसली तर चाल राखीव. वारकऱ्यांची पारंपरिक चाल घ्या किंवा नवी बांधा.

पार्टीच्या जुन्या गाण्याला संगीतकारानं परवानगी नाकारली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी चा रस्ता आहे: गाण्याचं पहिलं मुद्रण झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षं उलटली की, मालकाला आधी नोटीस देऊन आणि रॉयल्टी आगाऊ भरून कव्हर काढता येतं. अडचण पैशांत आहे. दर गाण्याला, दर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरतात. एखाद्या भाषेसाठी हा आकडा कमी करण्याची तरतूद आहे, पण परभणीच्या गायकाला संगीतकाराशी बसून कागद करणं स्वस्त पडतं. कव्हरवर मूळ गायकाचं नाव किंवा फोटो टाकता येत नाही, ते कव्हर आहे असं लिहावं लागतं, आणि तांत्रिक गरज नसलेले बदल चालत नाहीत. निवडणूक आली की चाल तीच ठेवून शब्दांत उमेदवाराचं नाव घुसवायची खोड इथं अडते.

जुनं रेकॉर्डिंगच अल्बमात टाकायचं असेल, तर संमती दोन लागतात: गाण्याच्या मालकाची आणि मास्टरच्या मालकाची. जुन्या फाइलमधला ढोलकीचा किंवा कोरसचा ट्रॅक उचलला तरी तेच. बाजारातून विकत घेतलेल्या कराओके ट्रॅकवर आवाज चढवून गाणं टाकलं, तर तो ट्रॅकही कुणाचं तरी मास्टरच आहे. 'गायला घेतला' म्हणजे 'प्रसिद्ध करायला घेतला' नव्हे.

कागद साधा असला तरी चालतो, तोंडी व्यवहार चालत नाही. हक्क देणाऱ्याची सही, कोणतं गाणं, कोणता हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी, किती मोबदला, हे लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. परदेशात ऐकलं जाणाऱ्या स्ट्रीमिंगसाठी ही दुसरी चूक महाग पडते. गाण्यातले वाटेही मुद्रणाच्या दिवशीच ठरवा. शब्द ५० टक्के, चाल ५० टक्के ही नेहमीची पद्धत; हार्मोनियमवाल्यानं अंतरा बसवला असेल तर त्याचा वाटा तेव्हाच लिहा, गाणं चालल्यावर नाही. आणि गीतकारानं एकरकमी पैसे घेतले तरी रॉयल्टीतला त्याचा समान वाटा कुणाला लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो.

पैसेही दोन वाटांनी येतात. मुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो, गाण्याला 'टी' नं सुरू होणारा आयएसडब्ल्यूसी. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तुमचं मुद्रण स्ट्रीमिंग अ‍ॅपांवर पोचवणारी कंपनी, पहिल्याचे पैसे आणतो. दुसऱ्याचे, शब्द आणि चालीचे, आयपीआरएस या संस्थेमार्फत येतात, आणि त्यासाठी गीतकार-संगीतकार तिचा सदस्य असावा लागतो. स्वतः लिहिणारे, स्वतः चाल लावणारे बरेच गायक फक्त डिस्ट्रिब्युटरकडं नोंद करतात आणि दुसरी वाट तशीच राहते.

यूट्यूबवर क्लेम, म्हणजे कुणाचा हक्काचा दावा, आला तर लगेच वाद घालू नका, आधी तो कशावर आहे ते वाचा. मुद्रणावर असेल आणि मुद्रण तुमचं नवं असेल, तर कागद दाखवून हरकत घेता येते. चालीवर असेल तर स्वतः गायल्याचा पुरावा उपयोगाचा नाही. तिथं संगीतकाराची संमतीच लागते.