दूध सोडलं, पण डब्यात दूधच!

मुरुमं जावीत म्हणून साखर, मैदा, दूध कमी केलं की पुढचा सल्ला ठरलेला असतो: 'अमिनो आम्लांची पावडर घे, त्वचा नितळ होईल.' अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक. ती घेतली की त्वचा नितळ होते हा समज खरा नाही, आणि काहींना तो चांगलाच महागात पडतो.

आधी डब्यावरचे घटक वाचा. 'व्हे' म्हणजे पनीर करताना उरणाऱ्या पाण्यातलं प्रथिन, अर्थात दूधच. त्यात ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. व्हेने इन्सुलिन वाढतं आणि तेलग्रंथींना चालना मिळते. मग काहींचे मुरूम उसळतात. 'बीसीएए' म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तीन अमिनो आम्लांची पावडर; तिच्या 2:1:1 या प्रमाणातला मोठा वाटाही ल्युसिनचाच. ब१२चे मोठे डोस मिसळलेली पावडर तर नकोच, त्यानेही काहींना पुरळ येतं.

त्वचेसाठी विकलं जाणारं कोलॅजेन हेही एक प्रथिनच, ते पोटात तुटतं. त्याचे तुकडे चेहऱ्याकडेच जातील असं नाही. त्यात ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल नसतं, म्हणून ते जेवणातल्या प्रथिनांची जागा घेत नाही. शाकाहारी असाल तर लक्षात घ्या, ते जनावरांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांपासून बनतं.

60 किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं पुरतात. डाळीत लायसिन, भातात मेथिओनिन ही अमिनो आम्लं जास्त, एकाची कमी दुसरं भरून काढतं, म्हणून वरण-भाताची जोडी जमते. तरीही कमी पडलं तर बिनसाखरेची वाटाणा-प्रथिनाची पावडर घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.