सी-५ च्या जागी ४७४च बसवा : बास ओव्हरड्राइव्ह किट घेणाऱ्यांसाठी

आमच्या बास ओव्हरड्राइव्ह किटचं, म्हणजे बास गिटारचा आवाज मुद्दाम फाटवणाऱ्या पेडलच्या सुट्या भागांचं पाकीट उघडलं की पहिला फोन बहुतेकदा याच प्रश्नासाठी येतो : "मोबाइलवरच्या सर्किटमध्ये ४७३ आहे, तुम्ही ४७४ पाठवलाय. चुकून आला का?"

चुकून आलेला नाही. बोर्डवर सी-५ लिहिलेल्या जागी ४७४, म्हणजे ०.४७ मायक्रोफॅरडचाच कॅपॅसिटर बसतो. मोबाइलवर सापडणारी बहुतेक ओव्हरड्राइव्ह सर्किटं आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरवरून घेतलेली असतात, आणि ते मुळात गिटारचं पेडल आहे. त्यात या जागी ४७३ असतो, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. आमचा दहापट मोठा आहे तो बास गिटारसाठी.

दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांवर बहुतेक वेळा हीच जागा उकरलेली दिसते. लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून ४७३ आणून बसवलेला असतो, आणि सोबतच्या चिठ्ठीत तक्रार असते की पेडल दाबलं की बास गायब होतो.

तो का गायब होतो, ते बघा. सी-५ आणि त्याच्या शेजारचा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर मिळून ठरवतात, की कोणत्या सुरापासून पुढे पूर्ण गेन मिळणार, म्हणजे सिग्नल पूर्ण पटीने मोठा होणार. ४७३ असेल तर ही सीमा सुमारे ७२० हर्ट्झवर येते, ४७४ असेल तर ७२ हर्ट्झवर. बासची मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, गिटारची ८२ वर. ड्राइव्हचा नॉब पूर्ण उघडल्यावर आमच्या सर्किटचा गेन साधारण ६५ पट होतो. पण ४७३ लावला तर १००० हर्ट्झला ५३ पट आणि ४१ हर्ट्झला जेमतेम ४ पट मिळतो. ४७४ लावला की त्याच ई तारेला ३२ पट मिळतो.

म्हणजे ४७३ खालचे सूर कापत नाही. तो मधल्या सुरांना एवढं वर नेतो की खालचे त्यांच्याखाली दबतात. आवाज फार झाला म्हणून तुम्ही व्हॉल्यूम कमी करता, आणि उरलासुरला बासही त्याच्याबरोबर खाली जातो. खोलीत एकट्याने वाजवताना हे फारसं जाणवत नाही. ड्रम सुरू झाले की लगेच कळतं.

मग १०५ लावला तर अजून भारी होईल का, असंही विचारलं जातं. एक मायक्रोफॅरडने सीमा ३४ हर्ट्झपर्यंत उतरते, पण मग सगळा तळ आवाज फाटवणाऱ्या डायोडवर आदळतो आणि आवाज गढूळ होतो, विशेषतः दोन तारा एकत्र वाजवताना. तळ शाबूत ठेवण्याचं काम ब्लेंडच्या नॉबचं आहे. तो तुमचा स्वच्छ सिग्नल न बदलता परत मिसळतो. पाच तारांच्या बासलाही ४७४ ठेवा आणि ब्लेंड थोडा स्वच्छ बाजूला वळवा. ज्यांना पिकने वाजवून तळ घट्ट हवा आहे, त्यांच्यासाठी पाकिटात २२४ जास्तीचा ठेवलेला असतो; त्याने सीमा १५४ हर्ट्झवर येते.

अंगावरचा आकडा वाचताना घाई करू नका. पहिले दोन अंक जसेच्या तसे, तिसरा अंक म्हणजे पुढची शून्यं, आणि उत्तर पिकोफॅरडमध्ये. ४७४ म्हणजे ४७ वर चार शून्यं, ४,७०,००० पिकोफॅरड. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. मल्टीमीटरवर कॅपॅसिटन्सची रेंज असेल तर सोल्डर करण्याआधी मोजून घ्या. आम्हीही प्रत्येक सी-५ मोजूनच पाकिटात टाकतो, म्हणून आकड्याबद्दल शंका आली तरी भाग उपटण्याआधी फोटो पाठवा. बोर्ड दोन्ही बाजूंनी तांब्याचा आहे. भाग जबरदस्तीने ओढला की भोकाच्या आतला तांब्याचा थर निघून येतो आणि वरचा जोड तुटतो. पाच मिनिटांच्या कामाला मग दोन तास लागतात, आमचे किंवा तुमचे.

४७३ आधीच बसवला असेल तर उपटू नका. त्याच दोन टोकांवर बोर्डच्या मागून ४७४ समांतर जोडा. दोघांची बेरीज ०.५१७ मायक्रोफॅरड होते, सीमा ६५ हर्ट्झवर येते, कानाला फरक कळत नाही. बोर्डही वाचतो.

बोर्ड डब्यात बसवण्याआधी एकदा ९ व्होल्ट देऊन व्होल्टेज तपासा. दोन्ही टीएल०७२ आयसींच्या ८ नंबरच्या पिनवर साधारण ८.७ व्होल्ट, ४ नंबरवर शून्य, १ आणि ७ वर ८.७ च्या निम्मे, म्हणजे ४.३ च्या आसपास. पहिल्या आयसीच्या ३ नंबरच्या पिनवर चारच्या जवळपास दिसलं तर घाबरू नका. तिथे १ मेगाओहमचा रेझिस्टर आहे, म्हणून मीटर लावल्यानेच आकडा खाली येतो. १ किंवा ७ वर ८ व्होल्ट किंवा जवळजवळ शून्य आलं, तर आयसी उलटी बसली आहे किंवा एखादा पाय सोल्डर व्हायचा राहिला आहे.

अडॅप्टर मधली पिन ऋण असलेलाच हवा. बाजारात सहज मिळणारे, सीसीटीव्हीचे वगैरे, बहुतेक मधली पिन धन असलेले असतात. तसा लावला तर १एन५८१७ डायोड वीज अडवतो. काही जळत नाही, पण पेडलही चालू होत नाही. फूटस्विचच्या प्रत्येक पायाला तीन सेकंदांपेक्षा जास्त आयर्न टेकवू नका, आतलं प्लास्टिक वितळतं.

आवाज फाटवणाऱ्या डायोडसाठी सॉकेट दिलं आहे. १एन४१४८ ची जोडी लावली तर आवाज दाबलेला आणि लवकर फाटणारा येतो. लाल एलईडीची जोडी लावली तर मोकळा आणि मोठा. बाससाठी आम्ही एलईडी सुचवतो, पण दोन्ही जोड्या पाकिटात आहेत, ऐकून ठरवा.

ज्यांना सोल्डरिंग करायचं नाही, त्यांच्यासाठी तपासलेला तयार बोर्ड मिळतो, त्यावर फक्त जॅक, नॉब आणि स्विच जोडायचे. जुन्या किटवर ४७३ बसवलेला असेल तर पुढच्या कोणत्याही ऑर्डरसोबत ४७४ मोफत मागवा. बोर्ड दुरुस्तीला पाठवताना आयसी सॉकेटमधून काढू नका, आणि तुम्ही कोणता भाग कुठे बदलला ते चिठ्ठीवर लिहा. तेवढं कळलं तरी काम त्याच दिवशी हातावेगळं होतं.